पॉझिटिव्ह लीडरशिपचा पेपर गळ्यात पडलाय? मग हे वाचा, खास कोल्हापुरातल्या सर-मॅडमसाठी

जूनमध्ये टाइमटेबल लागतं आणि तेव्हा कळतं की यंदा आपल्या नावापुढं 'पॉझिटिव्ह लीडरशिप' नाहीतर 'संस्था आणि कर्मचारी कल्याण' असल्या नावाचा पेपर टाकलाय. एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, आल्यापासून असे दोन-दोन क्रेडिटचे पेपर बरेच निघालेत, कुठं ओपन इलेक्टिव्ह म्हणून, कुठं व्हॅल्यू एज्युकेशनच्या नावाखाली, कुठं बीबीए-एमबीएच्या मेन सिलॅबसमध्येच, आणि खरं सांगायचं तर ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्याकडं तो येतो. मी हा विषय शिकवते आणि दरवर्षी कुणी ना कुणी फोन करून विचारतंच की मॅडम नोट्स आहेत का, पीपीटी द्या की. पीपीटी देऊन काही होत नाही ओ. म्हणून कसा शिकवायचा ते सगळं एकदाच लिहून काढते, घ्या त्यातलं लागेल ते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा मोटिवेशनल भाषणाचा तास नाही, संस्था आणि तिथली माणसं कशानं चांगली चालतात याचा अभ्यास आहे. पोरं पहिल्या दिवशी तेच समजून आलेली असतात, आता मॅडम 'स्वतःवर विश्वास ठेवा' म्हणणार, मग एक व्हिडिओ लावणार, मग टाळ्या. आणि आपल्यालाही तो मोह होतो कारण ते सोपं जातं. पण असं केलंत तर तिसऱ्या आठवड्यात शेवटचे तीन बाक रिकामे होतात आणि पोरं कॅन्टीनला सापडतात. हा विषय टिकतो तो एकाच गोष्टीवर, तुमचा वर्ग स्वतः तसा चालतो का यावर. तुम्ही बोर्डावर 'विश्वासाचं वातावरण' लिहिणार आणि शंका विचारणाऱ्या पोराला 'एवढं पण कळत नाही का' म्हणणार, तर तीस तासांचा सगळा सिलॅबस तिथंच संपला. पोरांनी आयुष्यात सगळ्यात जास्त आतून बघितलेली संस्था म्हणजे घर सोडून शाळा-कॉलेज, त्यामुळं पहिली केस स्टडी तुमचाच वर्ग असतो, तुम्ही म्हणा अगर म्हणू नका.

थिअरी किती, आणि कुठली

थोडीच. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास, त्यातले आठ-नऊ तास थिअरीला भरपूर झाले.

१९९८ मध्ये मार्टिन सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मुद्दा मांडला की मानसशास्त्रानं आजारावर पुष्कळ काम केलं, आता माणसाचं चांगलं कशानं चालतं तेही तेवढ्याच काटेकोरपणे अभ्यासूया. तोच प्रश्न मिशिगन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या किम कॅमेरून, जेन डटन आणि रॉबर्ट क्विन या मंडळींनी संस्थांना लावला, २००३ मध्ये त्यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ आला आणि तिथून या विषयाला अभ्यासक्रमाचं रूप यायला लागलं. एवढा इतिहास अर्ध्या तासात सांगून टाका, तारखा पाठ करायला लावू नका.

त्यापेक्षा ग्रेचन स्प्राइत्झर आणि सहकाऱ्यांची २००५ ची मांडणी नीट शिकवा, ती पोरांना लगेच पटते. कामावर माणूस फुलतोय असं कधी म्हणायचं, तर दोन गोष्टी एकाच वेळी असतील तेव्हा, अंगात उत्साह आणि रोज काहीतरी नवीन शिकणं. एकच असेल तर नाही. महाद्वार रोडवरच्या कापड दुकानात एक पोरगा आहे समजा, दिवसभर उड्या मारतोय, गिऱ्हाइकाशी गोड बोलतोय, पण चार वर्षं तेच गठ्ठे उलगडतोय आणि तेच गठ्ठे घड्या घालून ठेवतोय. दुसरी पोरगी सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला, रोज नवीन शिकतेय पण रात्री घरी येऊन जेवायचंही त्राण नाही. दोघांपैकी कोण फुलतंय? हा प्रश्न टाका आणि गप्प बसा. वर्गातली निम्मी पोरं कुठं ना कुठं पार्टटाइम करतातच, पेट्रोल पंपावर, मेडिकलमध्ये, मॉलमध्ये, डिलिव्हरीला. ती बोलायला लागतात आणि मग तुम्हाला थिअरी समजावून सांगायची गरजच राहत नाही, नुसती बोर्डावर मांडायची राहते.

वर्ग कसा चालवायचा

पहिल्या दोन आठवड्यांत नावं पाठ करा. ऐंशी पोरं असली तरी. रोल नंबरनं हाक मारून 'माणसाला माणूस म्हणून वागवा' हे शिकवता येत नाही, ऐकायलाच विनोदी वाटतं. आणि नावासोबत गाव विचारा, कारण गाव कळलं की एसटीचं टाइम कळतं. गगनबावड्याकडून नाहीतर राधानगरी-भुदरगडकडून येणारं पोर साडेसातच्या तासाला पंधरा मिनिटं उशिरा येतं ते आळशी आहे म्हणून नाही, त्याची पहिली गाडीच तशी आहे. त्याला दारात उभं करायचं की मागच्या दारानं गुपचूप बसायची मुभा द्यायची हे वर्गालाच ठरवू द्या. मी पहिल्या आठवड्यात नियम वर्गाकडून करून घेते, मोबाइलचा, उशिराचा, असाइनमेंटच्या तारखांचा. विश्वास ठेवा, पोरं आपल्यापेक्षा कडक नियम करतात, उलट आपल्यालाच म्हणावं लागतं की अरे जरा सैल सोडा.

दुसरं, तास संपताना प्रत्येकानं एक चिठ्ठी टाकायची, आज काय कळलं नाही. नाव लिहायचं नाही. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्या चिठ्ठ्यांना. पहिल्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्यांवर 'सगळं कळलं' येतं, ते खोटं असतं, त्यावर चिडायचं नाही. एखादी खरी चिठ्ठी आली की ती वाचून सरळ म्हणायचं, बरोबर आहे, हे मी घाईत सांगितलं, परत बघू. महिन्याभरात चिठ्ठ्यांची भाषा बदलते.

हे चिठ्ठीचं प्रकरण चालू असतानाच एमी एडमंडसनचं संशोधन शिकवा, त्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. हार्वर्डच्या या बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या, औषध देण्यात चुका किती होतात ते मोजायला. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त! मग खोलात गेल्यावर दिसलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या उघड सांगत होते, आणि बाकीच्या टीममध्ये भीतीपोटी दाबल्या जात होत्या. १९९९ च्या त्यांच्या पेपरपासून 'सायकॉलॉजिकल सेफ्टी', म्हणजे न घाबरता चूक किंवा शंका बोलता येणं, हा शब्द सगळीकडं गेला.

आता हे आपल्याकडं आणा. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ज्याचे वडील किंवा भाऊ कामाला आहेत असं पोर प्रत्येक वर्गात सापडतं. त्याला विचारा की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, सापडलं तर शिफ्टमध्ये काय होतं. कोण सांगतं, कुणाला सांगतं, सांगितल्यावर शिव्या बसतात की साच्याची सँड (वाळू) तपासली जाते. मग प्रश्न टाका, दोन शिफ्ट आहेत, एकीचं रिजेक्शन रजिस्टरवर जास्त, दुसरीचं कमी, चांगली शिफ्ट कुठली? पोरं आधी पटकन उत्तर देतात आणि मग थांबतात. कमी रिजेक्शनवाली शिफ्ट खरंच चांगली असेल, नाहीतर खराब माल तसाच पुढं मशीनशॉपला ढकलत असेल. रजिस्टर बघून कळत नाही, माणसांशी बोलावं लागतं. हा एक तास मला अख्ख्या सिलॅबसमध्ये सगळ्यात आवडतो.

सेमिस्टरच्या मध्यावर स्वतःच्या शिकवण्याचा फीडबॅक घ्या, कॉलेजचा तो नॅकच्या मूल्यांकनासाठीचा गुगल फॉर्म नव्हे, कोऱ्या कागदावर. आणि पुढच्या तासाला वाचून दाखवा, हे हे बदलेन, हे हे बदलणार नाही आणि का नाही. न वाचता कपाटात ठेवायचा असेल तर घेऊच नका, त्यानं उलटा परिणाम होतो.

केस स्टडी परदेशातनं कशाला आणायच्या

परदेशी कंपन्यांच्या केस वाईट नाहीत, पण झुल्यावर बसून काम करणारे लोक आणि फुकट जेवण ऐकून आपली पोरं म्हणतात, मॅडम त्यांच्याकडं पैसा आहे. विषय संपला. म्हणून सुरुवात इथनंच करा.

शाहू महाराजांची केस घ्याच, पण एक पथ्य पाळा, जयंतीचं भाषण होऊ देऊ नका. महाराज महान होते हे पोरांना पहिलीपासून माहितीय, त्यात शिकवण्यासारखं काही उरत नाही. शिकवायचं ते निर्णय. २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढून दिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला. आणि गंगाराम कांबळेंची गोष्ट, पाण्याला हात लावला म्हणून ज्यांना मारहाण झाली त्यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः लवाजम्यासकट तिथं थांबून चहा प्यायला सुरुवात केली.

गोष्ट सांगून झाली की गट पाडा आणि विचारा, नुसता चहा पिऊन भागलं असतं का? नुसता कायदा करून भागलं असतं का? कुठल्या निर्णयाला तिजोरीतला पैसा लागला, कुठल्याला नाही? कोण नाराज झालं आणि त्यांचं काय केलं? इथं पोरांना कळतं की चांगला नेता म्हणजे गोड बोलणारा नव्हे, नियम आणि पैसा दोन्ही हलवणारा, आणि शिवाय चारचौघांत स्वतः करून दाखवणारा. या विषयावर टीका होते की हा सगळा हसऱ्या चेहऱ्यांचा कारभार आहे, त्याला या एका केसमधनं उत्तर मिळतं.

दुसरी केस दूध संस्थेची. गोकुळ दूध संघ १९६३ चा, पण मी संघापासून सुरू करत नाही, गावातल्या संस्थेपासून करते, कारण निम्म्या पोरांच्या घरी म्हैस नाहीतर गाय आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला जाणाऱ्या पोराला विचारा की फॅट आणि एसएनएफची (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन घटकांची) चिठ्ठी लगेच मिळते का, दहा दिवसांचं बिल तारखेला येतं का, दिवाळीला दराचा फरक किती आला हे सगळ्यांसमोर सांगतात का. विश्वास कशानं तयार होतो यावर लांबलचक लेक्चर देण्यापेक्षा ही तीन प्रश्नांची चर्चा बरी. दोन गावांची पोरं शेजारी बसवून तुलना करायला लावा, मज्जा येते.

तिसरी पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं पंचावन्न फुटांच्या वर पातळी गाठली, धोक्याची पातळी त्रेचाळीस. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळेला तालमी आणि मंडळांची पोरं काही तासांत बोटी, जेवण, औषधं घेऊन उभी होती. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं होतं? का जमलं? उत्तर बहुतेक वेळा पोरांकडनंच येतं, गणपती आणि फुटबॉलच्या निमित्तानं वर्षभर एकत्र असतात, कुणाकडं ट्रॅक्टर आहे, कुणाला पोहता येतं, कुणाचा मामा महापालिकेत आहे हे सगळ्यांना माहीत असतं. डटनबाई ज्याला दर्जेदार नातेसंबंध म्हणतात ते हेच. पण चर्चेत एक प्रश्न मुद्दाम घाला, भाकरी कुणी थापल्या? फोटोत बोटीवरची पोरं असतात, शे-दोनशे माणसांच्या भाकरी करणाऱ्या बायका नसतात. नेतृत्व मोजताना कोण दिसतं आणि कोण दिसत नाही हा मुद्दा त्याशिवाय नीट पोचत नाही.

आणि तालमीचंच दुसरं टोकही दाखवा. शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की समर्थकांत काय होतं ते मी कोल्हापूरकरांना काय सांगू. आतली एकी जेवढी घट्ट तेवढा बाहेरच्याशी राडा सोपा. संस्थेतली एकी नेहमी चांगलीच का? कुणासाठी चांगली? हा तास मात्र सांभाळून घ्या, वर्गात दोन्ही पेठांची पोरं असतात.

फिल्डवर्क, म्हणजे खरं काम

चार-पाच जणांचा एक गट, एक संस्था, आणि प्रश्न एकच, इथं काय चांगलं चालतं आणि ते नेमकं कशामुळं. संस्था म्हणजे कंपनीच पाहिजे असं नाही. उद्यमनगरातलं लेथचं वर्कशॉप, चप्पल लाइनमधलं दुकान आणि त्यामागचे कारागीर, गुजरीतली सराफी पेढी, हुपरीतला चांदीचा कारखाना, इचलकरंजीतला यंत्रमाग, गूळ काढणारं गुऱ्हाळ, सरकारी दवाखाना, एसटी डेपो, बचत गट, ग्रंथालय, कुठलीही चालेल. फक्त गटातल्या कुणाच्या सख्ख्या नात्यातली नको, नाहीतर अहवाल म्हणजे काकांची जाहिरात होते.

परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, आणि ते मेल करून बसू नका, पोरांना हातात देऊन पाठवा. माजी विद्यार्थ्यांमार्फत गेलं तर दार लवकर उघडतं. फाउंड्रीत जायचं तर बूट घालूनच, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, मेटल ओतत असताना प्रश्न विचारायचे नाहीत. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. हे सगळं क्षुल्लक वाटतं पण याच्यावरनंच पुढच्या वर्षी तुम्हाला परत आत घेतात की नाही ते ठरतं.

आता प्रश्न कसे विचारायचे, कारण सगळं इथंच बिघडतं. पोरं जातात आणि कामगाराला विचारतात, 'तुम्ही इथं समाधानी आहात का?' मालक शेजारी उभा. तो म्हणतो, 'हाय की, मालक देवमाणूस हाय.' पोरं लिहून आणतात, शंभर टक्के समाधान. असला अहवाल मी सरळ परत करते.

त्याऐवजी घटना विचारायची. डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये ॲप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी म्हणून जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे, काय बिघडलंय यापासून सुरू न करता सगळ्यात चांगलं काम कधी झालं तिथनं सुरू करा. 'गेल्या वर्षभरातला असा एक दिवस सांगा, काम एकदम झकास जमलं. त्या दिवशी काय होतं? कोण कोण होतं? कुणी काय केलं? रोज तसं का होत नाही?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, सगळ्या खऱ्या अडचणी त्यातनंच बाहेर पडतात, आणि तक्रार केल्यासारखं न वाटता पडतात. तीन पातळ्यांवरच्या माणसांशी वेगवेगळं बोलायचं, मालक, सुपरवायझर आणि हेल्पर, शक्यतो चहाच्या टपरीवर. अहवालात कामगाराचं नाव नाही, आणि तो ओळखू येईल असा तपशीलही नाही, 'वेल्डिंग विभागातली एकमेव महिला' असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं.

आणि पुरावा. 'वातावरण कुटुंबासारखं आहे' हे वाक्य माझ्या वर्गात बॅन आहे. कुटुंबासारखं म्हणजे काय, पगार कितव्या तारखेला होतो, किती जण सोडून गेले, आजारी पडल्यावर रजा मिळाली का, शेवटची सूचना कुणी केली आणि तिचं काय झालं, ते आणा.

एक छोटा प्रयोग कॉलेजातच करता येतो. ॲडम ग्रँट यांचं २००७ चं संशोधन आहे, विद्यापीठासाठी फोनवरनं देणग्या गोळा करणाऱ्यांची, ज्याला त्या पैशातनं स्कॉलरशिप मिळाली अशा एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घालून दिली. महिन्याभरानं बघितलं तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीच्या वर गेली होती. आपल्या ऑफिसातला जो क्लार्क सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्कॉलरशिपचे फॉर्म तपासतो, दिवसभर साइट चालत नाही म्हणून वैतागलेला असतो, त्याला कधी कुणी भेटून सांगितलंय का की तुमच्यामुळं माझी राजर्षी शाहू शिष्यवृत्ती वेळेत जमा झाली आणि माझं वर्ष वाचलं? दोन-तीन पोरांना पाठवा. प्रयोगाचा निकाल मोजू नका, एवढ्याशा नमुन्यावर काही सिद्ध होत नाही, पण पोरांना संशोधन कागदाच्या बाहेर काय असतं ते दिसतं. क्लार्कला आधी कल्पना द्या, नाहीतर तो बिचारा समजतो तक्रार घेऊनच आलेत.

स्वतःबद्दलचं काम

मिशिगनवाल्यांचा एक एक्सरसाइज प्रसिद्ध आहे, तुम्हाला ओळखणाऱ्या दहा-वीस माणसांकडनं लिहून घ्यायचं की तुम्ही तुमच्या सगळ्यात चांगल्या रूपात कधी दिसलात, मग त्या गोष्टी एकत्र ठेवून स्वतःचं एक चित्र काढायचं. आपल्याकडं तो जसाच्या तसा चालत नाही. आई लिहून देणार नाही, तिला वेळही नाही आणि काहींना लिहिताही येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज, पाच-सहा जणांकडनं, मराठीत किंवा घरी जी बोली चालते तिच्यात. त्यात एक तरी माणूस कामाच्या ठिकाणचा आणि एक शेजारचा. शिवाय आपल्या गावात कौतुकसुद्धा शिवी घालून करायची पद्धत, मित्राला विचारलं तर तो 'तू? आणि चांगला? कधी रं?' एवढंच पाठवणार. म्हणून पोरांना सांगा, 'माझ्याबद्दल चांगलं बोल' असं मागू नका, 'मी तुला कधी उपयोगी पडलो, ती एक घटना सांग' असं मागा. मग येतं.

हे वर्गात वाचून दाखवायची सक्ती कधीच करू नका. एखाद्या पोराला विचारायला माणसंच नसतात, वसतिगृहात वाढलेलं असतं नाहीतर घरात बोलणंच बंद असतं. अशांसाठी जुन्या शिक्षकांचा, रेक्टरचा पर्याय आधीच सांगून ठेवा, सगळ्यांना सांगा म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

उलटे प्रश्न विचारणारी पोरं

ही पोरं म्हणजे या पेपरची कमाई, त्यांना गप्प करू नका. मागच्या बाकावरनं हमखास येणारा प्रश्न, 'मॅडम, आमचा मालक पगारच वेळंवर देत न्हाई, त्यात काय पॉझिटिव्ह बघायचं?' याला उत्तर एकच, काही नाही, आधी पगार. एमी रेझनेस्की आणि डटन यांचा २००१ चा अभ्यास शिकवताना हे फार जपा. हॉस्पिटलमधले काही सफाई कामगार स्वतःच्या कामाकडं पेशंटला बरं करण्यातला वाटा म्हणून बघायचे आणि त्याप्रमाणं कामात स्वतःहून भर घालायचे, असं त्यात दिसलं. फार सुंदर काम आहे. पण हेच ऐकवून कंत्राटी सफाई कामगाराला 'कामात अर्थ शोधा' म्हणायचं आणि पीएफ भरायचा नाही, हा त्याचा गैरवापर झाला, आणि तो सर्रास होतो. वर्गात हे तुम्हीच बोलून दाखवा, पोरांनी पकडायची वाट बघू नका.

आपल्यातले कितीतरी जण सीएचबीवर हा विषय शिकवतात, तासावर पैसे, तेही कधी येतील तेव्हा. पोरांना ते माहीत असतं. कुणी विचारलंच तर विषय बदलू नका. मी म्हणते, चला, फुलणाऱ्या संस्थेचे निकष बोर्डावर आहेत, शिक्षक या कर्मचाऱ्याला लावून बघा. नावं न घेता अर्धा तास भारी चर्चा होते.

दुसरी शंका, हे सगळं शास्त्र खरं कशावरनं. इथं लोसाडाची गोष्ट सांगायचीच. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सियल लोसाडा यांनी २००५ मध्ये लिहिलं की चांगल्या आणि वाईट भावनांचं प्रमाण २.९०१३ ला एकपेक्षा वर गेलं की माणूस आणि टीम फुलतात. दशांशाच्या पुढं चार आकडे! जगभर ट्रेनिंगवाल्यांनी ते वापरलं, अजूनही 'तीन कौतुकं, एक टीका' म्हणून चालतं. निक ब्राउन नावाचा पन्नाशीतला विद्यार्थी लंडनमध्ये पार्टटाइम मास्टर्स करत होता, त्याला ते गणित पटेना. त्यानं भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांच्यासोबत २०१३ मध्ये दाखवून दिलं की ते समीकरण तिथं लावायला काही आधारच नाही, आणि मग मूळ पेपरमधला तो गणिताचा भाग मागं घेतला गेला. चांगल्या भावनांचा उपयोग नाही असं यातनं निघत नाही, फक्त तो जादूचा आकडा गेला. वर्गात ही गोष्ट सांगितली की पोरं वाचलेल्या प्रत्येक पेपरवर शंका घ्यायला लागतात, थोडा त्रास होतो, होऊ दे.

मार्क

पोरगं किती पॉझिटिव्ह आहे याला मार्क देऊ नका. हसतमुख पोराला जास्त आणि गप्प पोराला कमी असं नकळत होतं. मार्क निरीक्षणाला, पुराव्याला आणि विचाराला. इंटर्नलचा मोठा भाग फिल्ड डायरीला ठेवा, प्रत्येकाची वेगळी, हातानं लिहिलेली, कारण गटाचा टाइप केलेला अहवाल एकजणच करतो आणि हल्ली तर तोही करत नाही, एआय करतं. डायरीत चहाच्या टपरीवरचं जे बोलणं येतं ते कुठल्या मशीनला सुचत नाही. मार्किंग स्कीम पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाका.

व्हायवाला तीन प्रश्न पुरतात. तिथं काय चांगलं चालतं त्याची एक घटना सांग. ती घटना खरी आहे हे तू कशावरनं म्हणतोस. तिथल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला हे पटेल का. तिसऱ्या प्रश्नावर पोर अडखळलं तर मार्क कापू नका, त्याला विचार करू द्या, तिथंच कळतं कोण गेलं होतं आणि कोण नाही.

भाषेचा घोळ घालू नका. पेपर इंग्रजीत असला तरी डायरी आणि व्हायवा मराठीत चालू द्या, निदान अर्ज करून परवानगी तरी मागा. कामगाराचं बोलणं पोरानं इंग्रजीत लिहिलं की त्यातला जीव जातो.

वेळापत्रकाचं तेवढं बघा. हा पेपर दुसऱ्या सेमिस्टरला असेल तर तेव्हा कारखान्यांचा हंगाम चालू असतो, 'मॅडम, उसाला तोड आलीय' म्हणून पोरं चार-चार दिवस गायब होतात आणि ते खरंच असतं, तेव्हा गटात एकाच भागातली पोरं घालू नका, नाहीतर अख्खा गट एकदम जातो. पहिल्या सेमिस्टरला असेल तर पाऊस आणि गणपती दोन्ही धरून चाला, जुलै-ऑगस्ट वर्गात थिअरी आणि केस उरकून घ्या आणि संस्थांच्या भेटी गणपतीनंतर, पण दिवाळीच्या आधी. परवानगीची पत्रं मात्र जुलैतच देऊन ठेवा. आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, चार पानांच्या आत, त्या संस्थेला द्यायची तारीख आधीच ठरवून टाका, कामगारांच्या नोटीस बोर्डावर लावता येईल अशी.